रविवार रुळांचा

शुक्रवारी रात्री सव्वाअकराला ई-मेल येऊन पडतो. विषय : मनालाही हवी विश्रांती! मजकूर असा की, कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची कंपनीला अतोनात काळजी लागून राहिल्यामुळे उद्या, शनिवारी, सकाळी साडेनऊला ऐरोलीच्या कार्यालयात खास शिबिर ठेवलं आहे. उपस्थिती सक्तीची. येताना प्रत्येकाने चटई आणावी.

डोंबिवलीचे आमचे एक स्नेही ती चटई गुंडाळून, काखेत मारून सकाळी आठच्या लोकलच्या गर्दीत चढले. दारातल्या मंडळींनी त्यांना जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. ठाण्याला उतरले तेव्हा चटई पुढे आणि स्नेही मागे, अशी फलाटावर वरात निघाली. शिबिरात बाईंनी सांगितलं, डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या, एखादा निवांत समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा. ह्यांच्या डोळ्यांसमोर ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटाचा जिना आला. श्वास मात्र खरोखर लांबलचक घेतला म्हणे, कारण सकाळपासून पहिल्यांदाच छाती फुगवायला जागा मिळाली होती.

शिबिराचं सार काय, तर मनासाठी रोज थोडा वेळ काढा, म्हणजे कामाचा उरक वाढेल. उरकाकडे नंतर येतो. आधी वेळेचं बघू. हा वेळ काढायचा कुठून, ते शिबिरवाले कधी सांगत नाहीत. जणू तो माळ्यावर कुठेतरी ट्रंकेत पडलेला आहे आणि स्टूल घेऊन चढण्याचा आळस तेवढा आडवा येतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी सुचवलं की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघत राहणार, अशी पृच्छाही केली. देशभर गदारोळ उठला. आमच्याकडच्या माणसाने मात्र पेपराच्या समासात हिशेब मांडला. आठ तासांची नोकरी, सहा दिवस : ४८. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दीड तास आणि तेवढाच परत, सहा दिवसांचे १८. बेरीज ६६. म्हणजे मूर्तींच्या कोट्याला अवघे चार तास कमी, आणि ते चार तास मध्य रेल्वे पावसाळ्यात, कुठलीही सबब न सांगता, भरून देते. एवढं करून १८ तासांचा पगार कुणी देत नाही, उलट पासाचे पैसे आपणच भरायचे.

हा झाला पुरुषाचा हिशेब. बाईचा मांडायला गेलं की समास पुरत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं निघालं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. (या ८८ मध्ये ‘मी घासतो गं’ असं म्हणण्याची मिनिटं धरलीत की नाही, ते कळायला मार्ग नाही.) २८९ गुणिले सात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३४ तास. नोकरदार बाईचं थोडं कमी धरा, २८ धरा. ६६ आणि २८ : ९४. सुब्रह्मण्यनसाहेबांचा आकडा कल्याण-डोंबिवलीच्या बाईने केव्हाच ओलांडला, कुठे वाच्यता केली नाही, मुलाखत दिली नाही. आणि बायकोच्या तोंडाकडे बघत बसायचं म्हटलं, तरी रविवारी ती एका जागी सापडायला हवी ना? कुकर, वॉशिंग मशीन, आठवड्याची भाजी, पिठाची गिरणी आणि सासूबाईंच्या गोळ्या यांच्या मधून ती ज्या वेगाने जाते, त्या वेगात फार तर पाठ दिसते.

विश्रांतीचं खरं शास्त्र जिला कळलंय, अशी एकच संस्था आपल्या भागात आहे : रेल्वे. दर रविवारी ती मेगाब्लॉक घेते. आज माटुंगा-मुलुंड, पुढच्या वेळी ठाणे-कल्याण. साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांची देखभाल. आधीच पेपरात वेळापत्रक छापून येतं. गाड्या रद्द, गाड्या वळवलेल्या, अमुक स्थानकांवर थांबणार नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर. कुणी रुळाला विचारत नाही की बाबा रे, तू आठवडाभर नीट काम केलंस का? सुट्टीनंतर तुझा उरक किती टक्क्यांनी वाढेल? सहा दिवस अंगावरून गाड्या गेल्या, सातव्या दिवशी थांबायचंच. नाही थांबवलं तर तडा जातो, हे पोलादाच्या बाबतीत सगळ्यांना मान्य आहे.

आणि काही वेळा तर घसघशीत रजा. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायला रेल्वेने सलग ६३ तासांचा ब्लॉक घेतला. शेकड्यांनी लोकल रद्द झाल्या. रेल्वेने लोकांना विनंती केली की शक्य असेल तर प्रवास टाळा, घरून काम करा. आणि काय आश्चर्य, ज्या साहेबांना एरवी ‘घरून काम’ म्हटलं की संस्कृती बुडाल्यासारखं वाटतं, त्यातल्या कित्येकांना ते जमलं! मुलाच्या तापासाठी जमत नव्हतं, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जमत नव्हतं, फलाटासाठी जमलं. फलाटाचं वजनच तसं.

आता हा रविवार ज्याने मिळवून दिला तो माणूस कोण होता, हे ठाणेकराला विचारून बघा. दहापैकी नऊ जण म्हणतील, इंग्रजांनी दिला. दहावा म्हणेल, बायबलात आहे. कचेऱ्यांना साहेबाच्या चर्चमुळे रविवार होता हे खरं. पण गिरणी कामगाराला तो नव्हता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांची पाळी. सुट्टी मिळायची ती एखाद्या सणाला, किंवा यंत्रं साफ करायची असली की. म्हणजे मेगाब्लॉक तेव्हाही होता आणि तेव्हाही तो यंत्रालाच होता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला, त्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या, पण त्या सात ते बारा वर्षांच्या मुलांना. हो, सात ते बारा. त्यांचं काम नऊ तासांवर आणलं याचंच तेव्हा कौतुक होतं.

तर तो माणूस : नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणे. आपल्याच गावचा माणूस. आधी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी, मग गिरणीत भांडारपाल. जोतीराव फुल्यांचे सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालवलं. गिरणीत मालाच्या नोंदी ठेवता ठेवता या माणसाने बाहेर येणाऱ्या माणसांचे चेहरेही बघितले असणार. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन कारखाना आयोगाकडे दिलं. मागण्या पाच. आठवड्यातून एक दिवस, रविवार, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

पाचही मागण्या पुन्हा वाचा. ‘आम्हाला रविवार द्या, म्हणजे सोमवारी जास्त सूत काढू’ असं आमिष त्यात कुठे सापडतं का बघा. नाही सापडत. माणूस आहे, थकतो, थांबू द्या. संपलं.

मालकांनी अर्थातच लगेच कबूल केलं नाही. निवेदनं गेली, पुन्हा गेली. रविवारच का, असं विचारणाऱ्याला लोखंडे खंडोबाचा वार म्हणून सांगत असत अशी आठवण सांगतात. जेजुरीच्या भंडाऱ्यापुढे कुठला मालक बोलणार! २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे. (आज सोसायटीच्या वार्षिक सभेत बायका बोलल्या तर खजिनदारांचा रक्तदाब वाढतो.) आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी नव्या कारखाना कायद्यात ती आली, दुपारच्या अर्ध्या तासासकट. सहा वर्षं लागली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले, पन्नाशीही न गाठता. २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. टपाल खात्यात काम केलेल्या माणसाला खात्याने एवढं तरी दिलं. परळला त्यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्थाही आहे. पण रविवारी सकाळी दहाला डोळे चोळत उठणाऱ्या ठाणे जिल्ह्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आपण ज्या पलंगावर लोळतो त्याचा सुतार माहीत नसावा, हे एक वेळ चालेल. दिवसच ज्याने दिला तो माहीत नसावा?

लोखंड्यांनी अर्धा तास मागितल्याला १४१ वर्षं झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांमधल्या कामाचा दिवस ९ तासांवरून १२ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. मधली विश्रांती पूर्वी ५ तासांनंतर होती, ती ६ तासांनंतर. जादा कामाचे तिमाहीचे तास ११५ वरून १४४. कामगाराची संमती लागेल, असंही सांगितलं. कामगाराची संमती! अंबरनाथच्या किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंत्राटदाराचा माणूस रजिस्टर पुढे सरकवतो तेव्हा ‘नाही, माझी संमती नाही’ असं बाणेदारपणे म्हणणारा कामगार कुणी पाहिला असेल तर त्याचा पुतळा उभारायला हवा.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर साहेबाचा ई-मेल न उघडण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसंच विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. खासगी विधेयक ते. आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलेलं नाही. त्यामुळे विधेयक निवांत आहे. त्याला कुणी रात्री सव्वाअकराला उठवत नाही.

मग आमच्याकडची माणसं विश्रांती घेतात कधी? घेतात. शिबिराला न विचारता घेतात, आणि मुख्यतः गाडीत.

इथे इतिहासाचा एक बारीक चिमटा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा मुंबईत सुट्टी दिली होती. तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे. भागाकार करा : डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस माणसं. आज तेवढी नुसती दारात असतात. ठाण्यापर्यंतचा ऐसपैस प्रवास जो काय व्हायचा तो त्या दिवशी झाला. पुढच्या वर्षी गाडी कल्याणला पोचली आणि तिथून सगळं बिघडलं असं म्हणायला हरकत नाही.

तर गाडीतली विश्रांती. ती फुकट मिळत नाही, तिच्यासाठी उलटं जावं लागतं. डोंबिवलीचा माणूस मुंबईला जाण्यासाठी आधी कल्याणला जातो. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत बसून परत आपल्याच डोंबिवलीवरून, आपल्याच फलाटावर खोळंबलेल्या शेजाऱ्याकडे खिडकीतून बघत, मुंबईला जातो. याला रिटर्न मारणं म्हणतात. बसायला मिळावं म्हणून अर्धा-पाऊण तास जास्त घालवायचा, आणि बसल्या बसल्या तोच अर्धा-पाऊण तास झोपून वसूल करायचा. कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाला हे पटायचं नाही. त्याला उभ्याने मुंब्र्याचं वळण काढायला सांगा, पटेल.

आणि ते वळण आता थट्टेचा विषय राहिलेलं नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या मध्ये समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. कामावर निघालेली माणसं होती. काही घरी परतलीच नाहीत. त्यानंतर बंद दारांच्या गाड्यांची चर्चा झाली, कार्यालयांच्या वेळा मागेपुढे करण्याची चर्चा झाली. वेळा मागेपुढे करणं हे खरं तर सर्वांत स्वस्त औषध. त्याला ना बोगदा खणावा लागतो ना पूल बांधावा लागतो. नुसता एका साहेबाने दहाऐवजी साडेअकरा म्हणायचं असतं. तेवढंच जमत नाही.

डब्यात मात्र जमतं. कधी बघा, तिघांच्या बाकड्यावर चौथा अर्धाच टेकलेला असतो, एक पाय वाटेत, बॅग मांडीवर. त्याचं डोकं ठाकुर्ली गेली की तिसऱ्याच्या खांद्यावर येतं. तिसरा कुरकुरत नाही. तो डाव्या हातातला मोबाईल उजव्या हातात घेतो, कारण डावा खांदा आता भाड्याने गेलेला असतो. समोर त्यांच्याच ग्रुपमधले दोघं उभे असतात. ठाणे येतं. कुणी काही बोलत नाही. तिसरा नुसता झोपलेल्याच्या गुडघ्यावर दोन बोटं वाजवतो. झोपलेला डोळे न उघडता उठतो, समोरचा बसतो, उठलेला त्याच्याच जागी कडी धरून उरलेली झोप उभ्याने पुरी करतो. कल्याण ते ठाणे तू, ठाणे ते दादर मी. रजिस्टर नाही, सही नाही, मनुष्यबळ विकास विभाग नाही. कुणी आजारी असला तर त्याला सबंध प्रवास बसवतात आणि त्याबद्दल पुढे कधी बोलतही नाहीत. विश्रांतीची अशी सहकारी संस्था सबंध महाराष्ट्रात, साखर कारखाने धरून, दुसरी नसेल. आणि हिच्यात घोटाळा नाही.

पूर्वी आणखी एक सोय होती. फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त. आत शिरलं की मोबाईलची रेंज जायची. साहेबाचा फोन अर्ध्यावर तुटायचा आणि त्यात आपला काही गुन्हा नसायचा. एक-दीड मिनिट अंधार, गार वारा, गडगडाट, कुणी काही विचारू शकत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला. प्रगती झाली याबद्दल वाद नाही. पण साहेबाला ‘हॅलो, हॅलो, बोगदा आलाय’ हे सांगण्याचा हक्क गेला, त्याची नोंद कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात झाली नाही. काही जुनी माणसं मुंब्र्याला फोन आला तरी अजून तेच सांगतात. ठाण्याच्या साहेबाला फसवता येत नाही, अंधेरीचा फसतो.

बायकांच्या डब्यात झोपेचा दर आणखी चढा. तिथे आधी मटारच्या शेंगा सोलून व्हायच्या, मेथी निवडून व्हायची, मग डोळा लागायचा. आता तेही कमी झालं, कारण डोंबिवलीला जिना उतरलं की चिरलेली फरसबी, सोललेला लसूण, किसलेला नारळ पिशव्यांतून मांडलेला असतो. त्यापुढे चार पावलांवर पोळी-भाजी केंद्र. संध्याकाळी साडेसात-आठला तिथली रांग बघा. ‘आठ पोळ्या, एक बटाटा, एक उसळ’ एवढं बोलून बाई पैसे देते आणि त्या बदल्यात तिला घरी गेल्यावर तासभर मिळतो. ज्या गावात घरच्या पोळीवरून संसाराची परीक्षा व्हायची, त्या गावाने निमूटपणे पोळी विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्या भागात बायकांच्या डोक्याला सर्वांत जास्त शांतता कुणी दिली असेल तर ध्यानधारणेच्या कुठल्या गुरूने नव्हे, गल्लीतल्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी. त्या लाटणाऱ्या बायका कधी थांबतात, हे मात्र रांगेतलं कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही. पोळ्या गरम असतात, घाई असते.

ठाण्यात विश्रांतीचं वैभव वेगळंच. तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, उपवन. बिल्डरने तर शांतताच चौरस फुटांवर विकायला काढली आहे. घोडबंदर रोडच्या फलकांवर धुकं, हरणं आणि ध्यानस्थ बाई असते. ती बाई ध्यानाला बसली याचं कारण बहुधा मेट्रोच्या खांबांमधून ती अजून घरी पोचायची आहे. येऊरच्या जंगलात शांतता शोधायला शनिवारी रात्री एवढी माणसं स्पीकर घेऊन जातात, की तिथल्या रहिवाशांना आवाजाविरुद्ध तक्रारी कराव्या लागल्या. बिबट्याला कुठे शिबिराला पाठवावं हा वन खात्यापुढचा प्रश्न आहे.

आणि ठाण्याचं मनोरुग्णालय. १९०१ पासूनचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून मराठी माणसाने चार पिढ्या स्वस्तात हशा मिळवला. नाटकं चालली त्यावर. आतल्या माणसांना कोण भेटायला येतं आणि कोण येत नाही, हे कुणी बघितलं नाही. याच गावात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकंच साधं, हे ठाणेकराच्या गळी उतरवायला सुरुवात केली. पुष्कळ उतरलं. तरीही ठाणे-मुलुंडच्या मध्ये गर्दी कमी करायला नवं स्टेशन हवं अशी निकड आली, तेव्हा जागा सापडली ती मनोरुग्णालयाचीच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२३ मध्ये वाट मोकळी झाली. स्टेशन हवं यात शंका नाही. ठाण्याच्या जिन्यावर एकदा चढलेला माणूस त्याविरुद्ध बोलणार नाही. पण गर्दीने माणसांची डोकी फिरतात, त्यावर उपाय म्हणून जागा घ्यायची ती डोकी थाऱ्यावर आणणाऱ्या रुग्णालयाची, यातलं नियोजन मला अजून पचलेलं नाही.

आता तो उरक. विश्रांती घ्या, कारण त्याने कामाचा उरक वाढतो, हे वाक्य ऐकलं की मला गिरणी मालकाचा मुनीम आठवतो. यात तुमची झोपसुद्धा तुमची नाही. ती सोमवारच्या कामाची आगाऊ तयारी आहे, कंपनीने तुमच्या घरी ठेवायला दिलेली. म्हणजे रविवारी दुपारी आमटी-भात खाऊन, पंखा पाचवर ठेवून, पेपर तोंडावर घेऊन जो माणूस पडतो, त्यालाही आता वाटायला लागलं की आपण नीट पडतोय ना? मनगटावरचं घड्याळ झोपेला गुण देतं. शंभरपैकी बासष्ट. गाढ झोप कमी. मग तो उठतो आणि गाढ झोप कशी वाढवावी याचे व्हिडिओ रात्री एकपर्यंत बघतो. आमच्या चाळीतले एक आजोबा दुपारी दोन ते चार कडी लावून झोपायचे. चार वाजता उठून ते काय करायचे? चहा घ्यायचे. उरक शून्य. ब्याण्णव वर्षं जगले आणि शेवटपर्यंत कुणालाही सल्ला दिला नाही.

शिबिरवाल्या कंपन्यांना माझी काही हरकत नाही. चटया चांगल्या असतात, पुढे पापड वाळवायला होतात. पण खरंच काळजी असेल तर शिबिर रद्द करून शनिवार परत द्या, अकराला ऑफिस उघडा, आणि रात्री आठनंतर पाठवलेला ई-मेल सकाळी दहालाच पोचेल अशी काही तरी कळ त्या संगणकात असेल, ती दाबा. हे जमत नसेल तर आमचं आम्ही बघू. रेल्वेकडून शिकलोय. मसुदा तयार आहे, डोंबिवलीतल्या घराघरात फ्रिजवर लावायला :

येत्या रविवारी सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन या वेळेत स्वयंपाकघर ते गॅलरी या दोन्ही मार्गिकांवर आईचा मेगाब्लॉक राहील. या काळात नाश्त्याच्या सर्व फेऱ्या रद्द. चहा ज्याचा त्याने स्वतः जाऊन धीम्या गॅसवर करावा. कपड्यांची वाहतूक बाबांमार्फत वळवली आहे. ‘माझा चार्जर कुठे आहे’ ही गाडी आईच्या खोलीवर थांबणार नाही. डोंबिवलीबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रवास दिवा स्थानकातच समाप्त करण्यात येईल. साहेबांचे फोन ब्लॉक संपेपर्यंत पारसिक बोगद्यातून सोडले जातील. गैरसोयीबद्दल प्रशासन मुळीच दिलगीर नाही.